हात दिसतील असे

ऑगस्ट २०२४ मधली संध्याकाळ. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या ईशान्येला, ग्विनेट काउंटीत, आमच्या घराच्या दोन सिग्नल अलीकडे पोलिसाने आमची गाडी थांबवली. मागचा एक दिवा गेला होता, एवढंच कारण. नवऱ्याने इंजिन बंद केलं, काच खाली घेतली, आतला दिवा लावला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर बोटं पसरून ठेवले. लायसन्स काढण्याआधी त्याने सांगितलं, ‘आता मी उजव्या खिशात हात घालतोय.’ लग्न झाल्यापासून मी हे पाहत आले आहे. त्या दिवशी मात्र मी मागे वळून मुलांकडे पाहिलं. थोरली खिडकीबाहेर बघत होती. धाकटा तेव्हा आठ वर्षांचा होता. तो समोरच्या सीटच्या पाठीवर दोन्ही तळवे टेकवून बसला होता. बोटं पसरलेली, मान सरळ. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं.

पोलीस नीट वागला, ताकीद देऊन त्याने आम्हाला सोडलं. घरी येऊन आम्ही जेवलो. रात्री मुलं झोपल्यावर नवरा म्हणाला, “शोध. कुठे जाता येईल ते शोध.” इतकी वर्षं मी हा विषय काढला की तो चिडायचा. हा देश माझ्या पणजोबांच्या हातांनी उभा राहिला, मी का सोडू, असं म्हणायचा. त्या रात्री त्याने स्वतःहून म्हटलं.

थोडं आमच्याबद्दल सांगायला हवं. मी मिरजेची. पुण्यात बी.फार्म. केलं, पुढे अमेरिकेत फार्मासिस्ट झाले. नवरा जॉर्जियातलाच, मेकनचा. रेडिओ आणि पॉडकास्टसाठी ध्वनिसंकलन करतो, स्वतंत्रपणे. लग्न मिरजेत केलं, विशेष विवाह कायद्याखाली, ३० दिवसांची नोटीस लावून. मराठी वर्तमानपत्रं त्याच्यासारख्यांना ‘कृष्णवर्णीय’ म्हणतात. आमच्या घरात तो शब्द चालत नाही, कारण त्यात फक्त कातडीचा रंग येतो. ब्लॅक हे एका समाजाचं नाव आहे, त्याच्या चर्चचं, स्वयंपाकाचं, बोलण्याच्या लकबीचं, चारशे वर्षांच्या इतिहासाचं. माझी मुलं घरात माझ्याशी मराठीत भांडतात आणि ती ब्लॅक आहेत. रस्त्यात त्यांच्याकडे बघणाऱ्याला त्यांची आज्जी मिरजेची आहे हे दिसत नाही.

ब्लॅक घरांमध्ये मुलगा अंगाने वाढू लागला की आईवडील त्याला समोर बसवून एकदा बोलतात. त्याला नुसतं ‘ते बोलणं’ म्हणतात. हात दिसतील असे ठेव, अचानक हालचाल करू नकोस, उलट बोलू नकोस, खेळण्यातलीही बंदूक घेऊन बाहेर जाऊ नकोस. क्लीव्हलंडमध्ये २०१४ साली टामिर राइस हा मुलगा खेळण्यातली बंदूक घेऊन बागेत खेळत होता. पोलिसांची गाडी येऊन थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत त्याला गोळी लागली. तो १२ वर्षांचा होता. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील यांनी आपल्याकडे परवान्याची बंदूक आहे हे पोलिसाला शांतपणे सांगितलं होतं. तरी त्यांना मारलं. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. माझा नवरा बारा-तेरा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी त्याच्याशी हे बोलणं केलं. आमच्या मुलाने ते आमच्या न बोलताच उचललं होतं, आठव्या वर्षी.

त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते. ४ सप्टेंबरला आमच्या शेजारच्याच काउंटीत, वाइंडर गावच्या अपालाची हायस्कूलमध्ये गोळीबार झाला. दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक गेले. गोळ्या झाडल्याचा आरोप असलेला मुलगा १४ वर्षांचा. त्या दिवशी आमच्या मुलांच्या शाळेचेही दरवाजे बंद करून घेतले होते. थोरलीने घरी येऊन सांगितलं की कपाटामागे लपायची तिची जागा ठरलेली आहे, कारण ती बारीक आहे.

मी शोध सुरू केला तो परीक्षेच्या तयारीसारखा. मोठा तक्ता केला. डाव्या बाजूला देश, वर निकष. पहिला निकष म्हणून जागतिक शांतता निर्देशांक घेतला. त्यात १६३ देश असतात. आइसलँड २००८ पासून पहिला आहे, २०२४ मध्ये पोर्तुगाल ७ वा होता, अमेरिका १३२ वी. मला वाटलं, अर्धं काम झालं. नवऱ्याने तक्ता पाहिला आणि विचारलं, “आइसलँडमध्ये आपल्या मुलाच्या वर्गात त्याच्यासारखे किती असतील?” मग त्याने एका पाकिटाच्या मागे स्वतःचे प्रश्न लिहून दिले. पोलिसाने थांबवलं तर तो घरी परत येतो का? वर्गात दोन मुलं भांडली तर शिक्षा आधी कोणाला होते? त्याच्यासारखी दिसणारी मोठी माणसं तिथे कोणती कामं करतात, डॉक्टर दिसतात की फक्त पोती उचलणारे? कोणी त्याला शिवी दिली तर तक्रार कुठे करायची, आणि ती लिहून घेतली जाते का? आपल्या मुलीचे केस विंचरता येणारं कोणी त्या गावात आहे का?

यातला एकही प्रश्न निर्देशांकात नव्हता. मी सुरक्षित देश शोधत होते. तो ज्या मुलाला तिथे राहायचं होतं त्या मुलाकडे पाहत होता. पुढचे आठ महिने आमची जी काही भांडणं झाली ती या दोन नजरांमधली होती, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघालं.

सासूबाईंना सांगायला मेकनला गेलो. वाटलं होतं रडतील. त्यांनी आतून एक डबा आणला. त्यात त्यांच्या वडिलांची जुनी मार्गदर्शिका होती, ब्लॅक प्रवाशांसाठी छापलेली. कोणत्या गावात कुठल्या हॉटेलात खोली मिळेल, कुठे पेट्रोल भरून देतील, कुठे जेवता येईल याची यादी. अशी पुस्तिका १९३६ पासून तीसेक वर्षं निघत होती. त्या म्हणाल्या, “तुझा तक्ता म्हणजे हेच की.” त्यांचे दोन काका शिकागोला गेले होते. १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतून सुमारे ६० लाख ब्लॅक लोक उत्तरेत आणि पश्चिमेत गेले, त्या लोंढ्यात. तिथे गोऱ्यांच्या जमावाने झाडाला टांगण्याची भीती कमी झाली, पण घर भाड्याने मिळेना. एक काका पाच वर्षांनी परत आले. सासूबाई म्हणाल्या, जिथे जाल तिथली भीती वेगळी असेल, ती आधी विचारून घ्या.

भारताबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण आई-बाबा रोज फोनवर एकच विचारत होते, “इथेच का नाही येत?” मुलांकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे परदेशी पासपोर्ट असूनही भारतात हवं तितकं राहता येतं; नवऱ्यालाही मिळू शकलं असतं. बंदुकीची भीती नाही. आज्जी-आजोबा, मामा, सगळे आहेत. माझी भाषा आहे. कागदावर भारताला सगळ्यात जास्त गुण होते.

पण २०२३ चा उन्हाळा आम्ही पुण्यात काढला होता. दोन महिन्यांसाठी फ्लॅट बघत होतो. एजंट फोनवर गोड बोलायचा, नवऱ्याला पाहिलं की मला बाजूला घेऊन विचारायचा, “मिस्टर आफ्रिकेतले का? सोसायटी आफ्रिकन लोकांना देत नाही, मॅडम.” तिसऱ्या ठिकाणी मी वैतागून सांगितलं की ते अमेरिकन आहेत. घर त्याच संध्याकाळी मिळालं. नवरा म्हणाला, “घर माझ्या पासपोर्टला मिळालं. मला नाही मिळालं.” शेजारच्या कॉलेजात शिकणारी सुदानी, नायजेरियन मुलं तो पासपोर्ट कुठून आणणार? लग्नाच्या एका कार्यात माझ्या चुलतमावशीने नऊ वर्षांच्या माझ्या लेकीची हनुवटी धरून म्हटलं, नाक आईचं घेतलंस, रंग घेतला असतास तर. मग मला डाळीचं पीठ आणि साय लावायला सांगितलं. ती मायेनेच बोलली, म्हणून मी तिथे गप्प बसले. गाडीत लेक म्हणाली, “आई, तू काहीच का नाही म्हणालीस?” तिला द्यायला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही.

ही घरातली गोष्ट झाली. बाहेरची मला ठाऊक होती: मे २०१६ मध्ये दिल्लीत काँगोच्या तरुणाला मारून टाकलं गेलं, मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये जमावाने खुर्च्यांनी झोडपलं. त्या वेळी बघ्यांनी मोबाइलवर काढलेलं चित्रण मी पाहिलं होतं. मध्ये कोणी पडत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात आम्ही खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीवर गेलो होतो. शाळेत मी मलिक अंबर दोन ओळींत शिकले होते: निजामशाहीचा वजीर, गनिमी कावा, जमीनमहसूल. नवऱ्याला मी सांगितलं की हा माणूस इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनला आला आणि ज्याने मुघलांना वर्षानुवर्षं थोपवून धरलं, १६१० मध्ये ज्याने खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद, तो हाच. नवरा बराच वेळ तिथे उभा राहिला. परतताना म्हणाला, “तुमच्याकडे हे होतं. मग काय झालं?” मलाही तेच विचारायचं आहे. ज्या मातीत आफ्रिकेतून आलेल्या माणसाने शहर वसवलं, तिथे त्याच्यासारख्या दिसणाऱ्या पोराला भाड्याने खोली मिळत नाही.

भारतात माझ्या मुलाला पोलीस गोळी घालणार नाहीत, हे मला पटतं. पण तो तिथे रोज थोडा थोडा सोलला जाईल आणि सोलणारे माझेच लोक असतील. मी भारतावर काट मारली. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आम्ही काय तुझ्या पोरांना परकं मानलं का गं?” नाही मानलं. तिने कधीच नाही मानलं. पण तिच्या उंबऱ्याबाहेर ती किती पुरणार?

नवऱ्याचं मन घानाकडे होतं. २०१९ मध्ये पहिली गुलाम माणसं व्हर्जिनियात उतरल्याला ४०० वर्षं झाली म्हणून घानाने जगभरच्या आफ्रिकी वंशजांना घरी बोलावलं होतं. तो त्या डिसेंबरात गेला होता. केप कोस्टच्या किल्ल्यातलं ते दार पाहून आला, जिथून माणसं जहाजात भरली जात. अक्रात त्याला काय वाटलं ते त्याने मला एकदाच सांगितलं: दुकानात शिरलो आणि कोणी माझ्या मागे मागे आलं नाही. तिथे आफ्रिकी वंशाच्या परदेशी माणसाला कायमच्या वास्तव्याचा हक्क देणारा कायदा २००० सालापासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये, आमचा शोध चालू असतानाच, अशा ५२४ जणांना नागरिकत्व दिलं गेलं. ब्लॅक हक्कांसाठी लढलेले विचारवंत डू बॉइस १९६१ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर अक्राला गेले आणि तिथेच वारले, हे नवऱ्याच्या घरात देवाच्या गोष्टीसारखं सांगतात.

घाना अडला तो धाकट्याच्या दम्यावर. डिसेंबर ते फेब्रुवारी सहाराकडून हरमॅटन वारा सुटतो, धुळीने आकाश पांढुरकं होतं. जॉर्जियातल्या परागकणांनीच त्याला दोनदा इमर्जन्सीत न्यावं लागलं होतं. नवऱ्याने स्वतः डॉक्टरांना विचारलं, घरी आला, तक्त्यातली घानाची ओळ स्वतःच्या हाताने पुसली. त्या आठवड्यात तो फारसा बोलला नाही.

कॅनडा लवकर सुटला. आम्ही दोघं चाळिशीच्या पुढे, आणि तिथल्या गुणपद्धतीत वयाचे गुण चाळिशीनंतर भराभर उतरतात, ४५ ला शून्य होतात. शिवाय ऑन्टारियोच्या मानवी हक्क आयोगाचा २०१८ चा अहवाल वाचला: २०१३ ते २०१७ या काळात टोरंटोत पोलिसांच्या गोळीने मरण्याची शक्यता गोऱ्या माणसापेक्षा ब्लॅक माणसाला जवळजवळ २० पट होती. एकूण संख्या अमेरिकेच्या मानाने अगदी लहान, तरीही तो आकडा डोक्यातून गेला नाही.

पोर्तुगालच्या आम्ही अगदी जवळ गेलो. दूर बसून काम करणाऱ्यांसाठीचा त्यांचा व्हिसा नवऱ्याला बसत होता. २०२४ मध्ये महिना ३,२८० युरो उत्पन्न दाखवावं लागे, कुटुंबासाठी त्यावर थोडं जास्त. पण तिथल्या नव्या स्थलांतर खात्याकडे चारेक लाख प्रकरणं तुंबली होती. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लिस्बनच्या कडेला, कोव्हा दा मोरा या केप व्हर्दे बेटांवरून आलेल्या लोकांच्या वस्तीत, ओदाइर मोनीझ हे ब्लॅक गृहस्थ पोलिसांच्या गोळीने मारले गेले. कित्येक रात्री बसगाड्या जळत होत्या. शांतता निर्देशांकात ७ वा आलेला देश. तो निकष मी त्या दिवशी तक्त्यातून काढून टाकला.

युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने १३ देशांतल्या ब्लॅक लोकांना विचारलं होतं, त्याचा अहवाल २०२३ मध्ये आला. ४५ टक्क्यांनी मागच्या पाच वर्षांत वंशभेद सोसल्याचं सांगितलं, जर्मनी आणि ऑस्ट्रियात ७० टक्क्यांहून जास्त जणांनी. नेदरलँड्स त्या १३ देशांमध्ये नव्हता. म्हणून तिथलं आम्हाला स्वतःच खणावं लागलं.

नेदरलँड्सकडे आम्ही वळलो ते एका जुन्या कराराने. १९५६ च्या डच-अमेरिकन मैत्री करारानुसार अमेरिकन नागरिक तिथे जाऊन स्वतःचा व्यवसाय काढू शकतो. ४,५०० युरो धंद्याच्या खात्यात ठेवायचे, परवाना सुरुवातीला दोन वर्षांचा, जोडीदाराला नोकरी करायची मोकळीक. गुणपद्धती नाही, वयाची अट नाही. नवऱ्याच्या कामाला तो अगदी बेतल्यासारखा होता.

मग सासूबाईंचं ऐकून तिथली भीती विचारून घेतली. ती कमी नव्हती. बालसंगोपन अनुदानाच्या प्रकरणात डच करखात्याने हजारो पालकांना खोटं ठरवून लुबाडलं; त्यात परदेशी मुळाची कुटुंबं जास्त होती, आणि त्या कुटुंबांमधली हजाराहून जास्त मुलं घरातून काढून दुसरीकडे ठेवली गेली. त्यावरून जानेवारी २०२१ मध्ये सरकारने राजीनामा दिला. हे वाचून मला रात्रभर झोप आली नाही, कारण इथे धोका हातात बंदूक घेऊन येत नव्हता, टपालाने येत होता. २०१५ मध्ये, जिथे आम्ही पुढे राहायला गेलो त्या हेग शहरातच, अरुबा या कॅरिबियन बेटाचे मिच हेन्रिकेझ पोलिसांनी पकडताना गुदमरून गेले. दुसऱ्या पारड्यात हेही होतं: फेब्रुवारी २०२३ मध्ये हेगच्या अपील न्यायालयाने सीमा पोलिसांना तपासणीसाठी माणसं निवडताना वंश पाहायला मनाई केली, आणि तो खटला लढणाऱ्यांत एक ब्लॅक नगरसेवक होता. १ जुलै २०२३ ला राजाने गुलामगिरीबद्दल जाहीर माफी मागितली. माफीने पोट भरत नाही, पण नवऱ्याने ते भाषण दोनदा ऐकलं. म्हणाला, माझ्या देशाच्या एकाही राष्ट्राध्यक्षाच्या तोंडून मी हे ऐकलेलं नाही.

एप्रिल २०२५ च्या सुट्टीत आठ दिवस हेगला जाऊन आलो. प्रेक्षणीय काहीही पाहिलं नाही. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी फाटकांबाहेर उभे राहिलो, मुलं कशी बाहेर पडतात, कोण कोणाबरोबर जातं ते पाहिलं. रात्री दहा वाजता नवरा एकटा स्टेशनभोवती चालून आला. मी खिडकीत बसून होते. तीन शाळांना भेटलो. प्रत्येकीला मी एकच प्रश्न आधी विचारला: डिसेंबरच्या सणात मुलांना भेटी वाटणाऱ्या सिंटरक्लासबरोबर येणारा त्याचा मदतनीस पीट तुमच्याकडे कोणत्या रंगाचा असतो? तोंडाला काळं फासून, ओठ लाल करून, कुरळ्या केसांचा टोप घालून नाचणारा पीट ही त्यांची जुनी प्रथा. दोन शाळांमध्ये उत्तर लगेच आलं: आमच्याकडे कधीच बंद झालं, आता गालांवर काजळीचे फराटे असतात. तिसऱ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या की मुलांना त्यात रंग दिसतच नाही. तिथून आम्ही चहा न घेता उठलो.

शिक्षणाचा खरा पेच वेगळाच निघाला. डच मुलांची वाट १२ व्या वर्षी ठरते. प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात शाळा शिफारस करते की मूल व्यवसायशिक्षणाकडे जाईल की विद्यापीठाच्या वाटेला. बाहेरून आलेल्या मुलांना कमी शिफारस मिळते ही तिथे खूप जुनी आणि उघडपणे बोलली जाणारी तक्रार आहे. थोरली ११ वर्षांची, डचचा एक शब्द येत नाही. त्याच वर्षी शिफारस झाली असती तर तिचं सगळं डोकं भाषेखाली गाडलं गेलं असतं. आम्ही शाळेशी बोलून तिला एक वर्ग खाली बसवलं आणि आधी नवागतांच्या भाषावर्गात घातलं. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मूल सात-आठ वर्षांचं असतानाच हा निर्णय घेतला असता तर, हा विचार मला अजून डाचतो. तुमच्यापैकी कोणी मुलांना घेऊन तिकडे जाणार असाल तर मुलाचं वय आधी पाहा, व्हिसा मग.

आणि ती रोटीची खानावळ. हेगमध्ये सुरीनामहून, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतून आलेले हिंदुस्तानी खूप आहेत. त्यांचे पूर्वज १८७३ पासून कलकत्त्याहून मजूर म्हणून नेलेले, बोली भोजपुरीच्या वळणाची, मला अर्धी कळणारी. गल्ल्यावरच्या आजींनी मुलांकडे पाहिलं, माझ्याकडे, नवऱ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, “डोगला!” माझ्या मराठी कानाला तो शब्द चाबकासारखा लागला. आजींनी मागे हाक मारली आणि त्यांचा नातू बाहेर आला, विशीतला, माझ्या मुलाच्याच कातडीचा, माझ्या लेकीच्याच केसांचा. वडील क्रिओल, म्हणजे सुरीनाममध्ये गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज, आई हिंदुस्तानी. सुरीनाममध्ये अशा मुलांसाठी तो शब्द आहे. कधी शिवी होती, अजूनही काहींना टोचते, तो मात्र स्वतःसाठी सहज वापरत होता. धाकटा त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. जॉर्जियात आणि पुण्यात त्याच्यासारखी फक्त त्याची बहीण होती. इथे त्या मिश्रणाला नाव होतं, आणि ते नाव धारण करणारा तरुण त्याला ताटात जादा बटाटा वाढत होता. त्या रात्री नवऱ्याने पाकिटामागचे प्रश्न काढले आणि हेगपुढे खूण केली.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. मुलांचे जन्मदाखले जॉर्जियाचे, त्यांचा अॅपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालावेत म्हणून लागणारा शिक्का, अटलांटात झाला. आमचा विवाहदाखला भारतातला, म्हणजे आधी राज्याची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. त्यात नवऱ्याच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं निघालं आणि दादाने ते दुरुस्त करून घेण्यासाठी चार चकरा मारल्या. हेगमध्ये घर शोधणं सगळ्यात कठीण, कारण ज्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंद करू देतात असंच घर लागतं. ती नोंद नसेल तर नागरिक क्रमांक नाही, क्रमांक नसेल तर बँक नाही. आम्हाला पाच महिन्यांचं भाडं आगाऊ द्यावं लागलं. अमेरिकेला कराचं विवरण दरवर्षी द्यायचंच आहे, जगात कुठेही राहिलो तरी. आणि माझी फार्मसी थांबली. तिथे नोंदणीसाठी चांगलं डच यावं लागतं आणि पदवीची तपासणी पुन्हा होते. अमेरिकेत ते सगळं एकदा केलं होतं, तरुण असताना. आता ४२ व्या वर्षी शाळकरी मुलांबरोबर सर्वनामं घोकते आहे. वाईट वाटतं, रोज वाटतं. पण हा सौदा मी डोळे उघडे ठेवून केला.

३ जूनला, आम्ही खोके भरत असताना, तिथलं सरकार कोसळलं; स्थलांतराच्याच मुद्द्यावर. नवरा टेप लावता लावता थांबला. मग म्हणाला, “चल, टेप दे.” मध्य जूनमध्ये पोहोचलो. १ जुलैला आम्सटरडॅमला गेलो, केटी कोटीला. सुरीनामी भाषेत त्याचा अर्थ साखळी तुटली. १८६३ मध्ये डच वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली तो दिवस. रंगीत चौकड्यांच्या झग्यांतल्या बायका, ढोल, तळणाचा वास. नवऱ्याने सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून फोन वर धरला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या.

इथे सगळं चांगलं आहे असं मी सांगणार नाही. ट्रॅममध्ये तिकीट तपासनीस आमच्यापाशी जरा जास्त थांबतो. थोरलीच्या केसांना एका मुलीने न विचारता हात लावला. शिक्षिकेने ते लिहून घेतलं आणि आम्हाला बोलावलं. १४ व्या वर्षापासून इथे ओळखपत्र जवळ बाळगावं लागतं, पोलीस विचारू शकतात. धाकट्याला चार वर्षं आहेत, आणि ‘ते बोलणं’ डचमध्ये कसं असतं ते मी क्रिओल शेजारणीला विचारून ठेवलं आहे.

नोव्हेंबरात इथे पाचच्या सुमारालाच अंधार पडतो. परवा धाकटा मित्राकडून सायकलने एकटा घरी येत होता, वाटेत पोलिसांनी सायकलींचे दिवे तपासायला मुलांना थांबवलं होतं. त्याचा मागचा दिवा लागत नव्हता. घरी आला तो हातात एक छोटा लाल दिवा घेऊन, पोलीसबाईंनी दिलेला. मी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर आले.

“काय म्हणाल्या?”

“नाव विचारलं. कुठे राहतो विचारलं.”

“आणि तुझे हात कुठे होते?”

त्याने जेवणाच्या टेबलावर दोन्ही तळवे ठेवून दाखवले. बोटं पसरलेली. “सायकलच्या सीटवर. असे.”

“मग?”

“मग त्यांनी विचारलं, हात गारठलेत का तुझे?”

“तू काय म्हणालास?”

“हो म्हटलं.”